एका माणसाचं प्रकाशन: एका कादंबरीच्या निर्णयाचं प्रकरण

संहिता २८८ पानांची होती, म्हणजे सोळापानी अठरा फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा म्हणजे फॉर्म). चौदा महिन्यांत ती तीन मोठ्या प्रकाशनसंस्थांकडे जाऊन आली. एकीकडून छापील नकार आला. दुसरीनं शेवट बदलला तर विचार करू, असं कळवलं. तिसरीकडून काहीच नाही, पोचसुद्धा नाही. मग एका छोट्या प्रकाशनाचा होकार आला, सोबत सात पानांचा करार. लेखिकेनं तो न वाचताच मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: "देऊ का यांना? खरं सांग."

मी बरीच वर्षं एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या निर्मिती विभागात होते. आता लेखकांचे करार त्यांच्याबरोबर बसून वाचते. हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, पण उत्तर द्यायला या वेळी पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत आम्ही काय तपासलं, कुठं अडलो, काय ठरवलं आणि पुढच्या तीन वर्षांत त्याचं काय झालं, ते लेखिकेच्या संमतीनं इथं मांडते. नावं घेत नाही. किमतीही टाळल्या आहेत. छापील किंमत शंभर धरून हिशेब केला आहे, म्हणजे तो कुणालाही आपल्या पुस्तकाला लावून बघता येईल.

आधीचं पुस्तक

लेखिकेचा कथासंग्रह नऊ वर्षांपूर्वी एका मोठ्या संस्थेनं काढला होता. दुकानांत दिसला, परीक्षणं आली, तीन वर्षांत आवृत्ती संपली. दुसरी आवृत्ती मात्र निघाली नाही. तिनं चार पत्रं लिहिली. ज्या संपादकानं पुस्तक घेतलं होतं तो नोकरी सोडून गेला होता, आणि त्याच्या जागी आलेल्याला तिचं नावही ठाऊक नव्हतं. हक्क परत मागितले तेव्हा उत्तर आलं, की पुस्तक उपलब्ध आहे, कारण त्याचं ई-बुक विक्रीला आहे. त्या ई-बुकच्या वर्षाला पाच-सहा प्रती जातात. करारात हक्क संस्थेकडे राहण्याची मुदत "पुस्तक उपलब्ध असेपर्यंत" अशी होती. कागदावरची आवृत्ती संपते, ई-बुक संपत नाही.

मोठ्यांकडे दिलं की पुस्तक सुरक्षित, हा तिचा समज तिथंच मोडला. तरीही तिला पुन्हा मोठंच नाव हवं होतं, आणि त्यात मला काही गैर वाटलं नाही. दुकानाच्या दर्शनी टेबलावर आपलं पुस्तक एकदा पाहिलेलं माणूस विसरत नाही.

तिच्या ओळखीतली माणसंही दोन टोकांना होती. एक कवी छोट्या प्रकाशनांशिवाय दुसरीकडे बघतच नाही. एका कादंबरीकाराचं पुस्तक प्रकाशन बंद पडल्यावर चार वर्षं अडकून पडलं होतं. दोघंही खरंच सांगत होते. ऐकून तिचा गोंधळ मात्र वाढला.

वाटा तीन होत्या: मोठ्यांसाठी थांबायचं, स्वतः काढायचं, किंवा हा करार करायचा. स्वतः काढण्याची वाट तिनं पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली. ती पूर्ण वेळ शिकवते. मुखपृष्ठ, मांडणी, मुद्रितशोधन, आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक, छापखाना, पार्सलं हे सगळं अंगावर घेतलं तर पुढचं लिखाण थांबेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्यांना ते जमतं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण प्रत्येकानं ते करावंच असं नाही.

करार हाती घेतल्यावर मी सर्वांत आधी पैसा कोणाकडून कोणाकडे जातोय ते पाहिलं. लेखकाकडून निर्मितीखर्च मागणारी संस्था स्वतःला छोटं प्रकाशन म्हणवत असली तरी तो छपाईचा व्यवसाय असतो. "लेखकानं दोनशे प्रती विकत घ्याव्यात" अशी अट हा त्याच मागणीचा दुसरा अवतार. या करारात तसं काही नव्हतं. असतं तर हे प्रकरण एका संध्याकाळीच संपलं असतं.

अकरा पानांचं पत्र

होकारासोबत प्रकाशकांनी कादंबरीबद्दल अकरा पानांचं पत्र लिहिलं होतं. लेखिकेनं करार वाचला नव्हता, पण हे पत्र तीनदा वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं, की तिसऱ्या भागात निवेदन करणाऱ्या बहिणीला ज्या गोष्टी कळायला वावच नाही त्या ती सांगते. चौदावं प्रकरण त्याच्या सहाव्या पानापासून सुरू केलं तर आधीची पाच पानं कुणाला आठवणारही नाहीत. आणि शेवट, जो मोठ्या संस्थेला बदलून हवा होता, त्याला हात लावू नये, कारण पहिल्या भागातल्या विहिरीच्या प्रसंगाचं उत्तर तिथं मिळतं.

"माझ्या पहिल्या पुस्तकाचं एक पानसुद्धा कुणी असं वाचलं नव्हतं," ती म्हणाली.

छोट्या प्रकाशनाचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तो कुठल्याच हिशेबात धरता येत नाही. मोठ्या संस्थेत एक संपादक वर्षाला कितीतरी पुस्तकं सांभाळतो. तो वाईट नसतो, त्याला वेळ नसतो. मी त्या इमारतीत होते, मला माहीत आहे. इथं पुस्तकाला एक माणूस मिळतो, आणि त्या माणसानं ते पुस्तक निवडलेलं असतं.

पण त्याच पत्राच्या शेवटी एक ओळ होती: "उशीर झाला, क्षमस्व, गेला महिनाभर पार्सलं बांधण्यात गेला." माझं लक्ष त्या ओळीवर अडलं. जो माणूस इतकं बारकाईनं वाचतो तोच मांडणी करतो, तोच छापखान्यात जातो, तोच पार्सलं बांधतो. हिशेब त्यांच्या पत्नी नोकरी सांभाळून बघतात. म्हणजे ज्या कारणासाठी हे प्रकाशन निवडायचं, नेमक्या त्याच कारणासाठी ते धोक्याचंही आहे. फायदे एका रकान्यात आणि तोटे दुसऱ्यात अशी यादी आम्ही करायला बसलो होतो. अर्ध्या तासात ती सोडून दिली, कारण दोन्ही रकान्यांत एकच गोष्ट येत होती: हे एका माणसाचं प्रकाशन आहे. मग आमचा प्रश्न बदलला. हा माणूस दमला, आजारी पडला, थांबला, तर त्या दिवशी कादंबरी कुठं असेल?

बाहेरची उदाहरणं

छोट्या प्रकाशनांच्या बाजूनं जी उदाहरणं दिली जातात ती खरी आहेत. इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ आणि तिचे पती लेनर्ड यांनी १९१७ मध्ये राहत्या घरात, हातानं चालवायच्या यंत्रावर होगार्थ प्रेस सुरू केली. पहिल्या पुस्तिकेच्या सुमारे दीडशे प्रती निघाल्या. पुढं व्हर्जिनिया वुल्फला कुणा संपादकाच्या पसंतीकडे न बघता लिहिता आलं. ईमर मॅकब्राइड यांची पहिली कादंबरी नऊ वर्षं सगळीकडून परत येत होती. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या गॅली बेगर प्रेसनं ती २०१३ मध्ये काढली आणि पुढच्या वर्षी तिला स्त्रियांच्या कादंबऱ्यांसाठीचं बेलीज विमेन्स प्राइझ मिळालं. बेलव्ह्यू लिटररी प्रेस या छोट्या प्रकाशनानं काढलेल्या कादंबरीला २०१० मध्ये पुलित्झर मिळालं. लंडनची फिट्झकराल्डो एडिशन्स २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या यादीतल्या स्वेतलाना अलेक्सिएविच, ओल्गा तोकार्चुक, अनी एर्नो आणि युन फोसे या चौघांना साहित्याचं नोबेल मिळालेलं आहे.

लेखिकेला ही नावं तोंडपाठ होती. मी तिला दुसरी बाजू सांगितली. त्याच गॅली बेगर प्रेसची एक कादंबरी २०१९ मध्ये बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत आली. त्या यादीतल्या पुस्तकांच्या विशेष आवृत्त्या विकणारा एक मोठा विक्रेता डिसेंबरात बुडाला आणि प्रकाशनाचं येणं अडकलं. कधी नव्हे ते यश आलं आणि नेमकी तीच ऑर्डर गळ्याशी आली. शेवटी वाचकांनी वर्गणी काढून प्रकाशन वाचवलं. अमेरिकेत तर १९६९ पासून छोट्या प्रकाशनांची पुस्तकं दुकानांपर्यंत नेणारी स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन ही संस्था २०२४ च्या मार्चअखेरीस अचानक बंद झाली. शेकडो प्रकाशनांची पुस्तकं गोदामांत आणि पैसे हवेत अशी अवस्था झाली. त्या प्रकाशकांची काही चूक नव्हती, त्यांच्या लेखकांची तर नव्हतीच.

छोट्या प्रकाशनाच्या मागं अजून एखादी छोटी संस्था उभी असते, आणि लेखकाला ती दिसत नाही. म्हणून मी लेखिकेला पहिला प्रश्न विचारायला लावला तो वितरकाबद्दल: तुमची किती विक्री एकाच वितरकामार्फत होते? उत्तर आलं, निम्म्याच्या आसपास. बाकीची थेट वाचकांना. त्यांच्याकडे तीनशेच्या वर नियमित वाचकांची यादी होती. मला हायसं वाटलं.

शंभरातले किती

आता पैशाचं. लेखकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण याच भागात आमचं एक मत पूर्ण उलटं झालं.

छापील किंमत शंभर. वितरक आणि दुकान मिळून ५५ घेतात. छोट्या प्रकाशनाला घासाघीस करायला जागा नसते, म्हणून हा आकडा साठपर्यंतही जातो. प्रकाशकाच्या हाती ४५ उरतात. पाचशे प्रतींची छपाई डिजिटल यंत्रावर होते आणि दर प्रतीला साधारण वीस पडतात. हजार-दोन हजार प्रती ऑफसेटवर काढल्या तर हा खर्च बराच खाली येतो, पण न खपलेल्या प्रती घरात साठतात. उरले पंचवीस. त्यातून लेखकाची रॉयल्टी, मुखपृष्ठ, शोधन, साठवण आणि दुकानांतून न खपता परत आलेल्या प्रतींचा फटका हे सगळं निघायचं.

करारात रॉयल्टी छापील किमतीवर दहा टक्के नव्हती. "प्रत्यक्ष जमा रकमेच्या" वीस टक्के होती. माझी पहिली प्रतिक्रिया तीच, जी कुठल्याही करार वाचणाऱ्याची असेल: हे बदलून घे. ४५ च्या वीस टक्के म्हणजे नऊ, आणि छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे दहा. शिवाय "जमा रक्कम" कशी मोजायची हे प्रकाशक ठरवणार.

मग आम्ही त्यांची निम्मी थेट विक्री धरून हिशेब मांडला. थेट विक्रीत वाचक टपालखर्च वेगळा देतो, म्हणजे शंभरच्या शंभर प्रकाशकाकडे जमा होतात आणि लेखकाचे वीस होतात. पाचशेपैकी अडीचशे प्रती थेट गेल्या तर लेखिकेला २५० गुणिले २० अधिक २५० गुणिले ९, म्हणजे ७,२५०. छापील किमतीवर दहा टक्क्यांनी ५,०००. जी अट मी खोडायला निघाले होते तीच तिच्या फायद्याची होती. थेट विक्री मोठी असलेल्या प्रकाशनाकडे हे असं होतं. सगळी विक्री दुकानांतून असेल तर होत नाही. म्हणून टक्केवारीचा आकडा एकटा कधी वाचू नये.

आम्ही टक्केवारी तशीच ठेवली आणि व्याख्या लिहून घेतली. जमा रक्कम म्हणजे विक्रेत्याची सवलत वजा जाता मिळालेले पैसे. त्यातून छपाई, जाहिरात, कार्यालयीन खर्च असं काहीही वजा होणार नाही. परत येणाऱ्या प्रतींसाठी राखून ठेवायची रक्कम पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि एका वर्षात ती मोकळी व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट तिला स्पष्ट सांगणं मला गरजेचं वाटलं. अगदी सगळं नीट झालं तरी पहिल्या आवृत्तीतून तिच्या हाती जास्तीत जास्त सत्तर-बहात्तर प्रतींच्या किमतीएवढे पैसे येणार होते. तीन वर्षं लिहिलेल्या कादंबरीचे. आगाऊ रक्कम नाहीच. मोठ्या संस्थेनं थोडीफार आगाऊ रक्कम दिली असती. ज्याचं घर लिखाणावर चालतं त्यानं हा फरक भावनेच्या भरात विसरू नये. तिचं घर नोकरीवर चालत होतं, म्हणून ती हो म्हणू शकत होती. सगळ्यांना म्हणता येत नाही.

फोन आणि दोन दुकानं

प्रकाशकांना प्रश्न विचारण्याआधी त्यांच्या लेखकांना विचार, असं मी तिला सुचवलं. तिघांना, आणि त्यातला एक तरी पाच वर्षांपूर्वीचा हवा. नव्या पुस्तकाच्या लेखकाला सगळंच छान वाटत असतं. जुन्याला विचारलं तर कळतं की हिशेब अजून येतो का.

पहिला लेखक कौतुकाशिवाय काही बोलला नाही. दुसरीनं सांगितलं की पुस्तक ठरल्यापेक्षा सात महिने उशिरा आलं, पण एकही छपाईची चूक सापडली नाही. पाच वर्षांपूर्वीचा जो होता तो थोडा थांबून म्हणाला, "माणूस सोन्यासारखा आहे. हिशेब मात्र मागावा लागतो. मागितला की मिळतो, आणि बरोबर असतो. पण मागताना जीव कानकोंडा होतो हो, कारण आपल्याला माहीत असतं ते किती राबतात." या वाक्यानं पुढं आमचा करार घडवला.

दुसरी चाचणी साधी होती. लेखिकेनं गिऱ्हाईक म्हणून दोन दुकानांत त्यांचं एक पुस्तक मागितलं. एकानं नऊ दिवसांत आणून दिलं. दुसरा म्हणाला, यादीतच नाही. प्रकाशकांना हे सांगितलं तेव्हा ते नाराज झाले नाहीत. मोठ्या साखळी दुकानांची खरेदी एका जागेवरून होते आणि तिथं आपली पुस्तकं पोचत नाहीत, हे त्यांनी सरळ मान्य केलं. दर्शनी टेबलाचा विषय तिथंच मिटला. लेखिका दोन दिवस गप्प होती.

करारातली कलमं

हक्कांबद्दलचं मूळ कलम असं होतं: सर्व भाषांतरं, ध्वनिपुस्तक, चित्रपट, नाटक यांचे हक्क प्रकाशकाकडे. यात लबाडी नव्हती, कुठूनतरी उचललेला नमुना होता. छोट्या प्रकाशनांचे करार पुष्कळदा असेच जुन्या नमुन्यांवरून उतरवलेले असतात. मी इथं एकच कसोटी लावते: जो हक्क वापरायची सोय प्रकाशकाकडे नाही तो त्याच्याकडे कशाला? ध्वनी आणि दृश्य हक्क लेखिकेकडे राहिले. भाषांतराचे अठरा महिन्यांसाठी त्यांच्याकडे, तोवर काही झालं नाही तर परत. "पुढची दोन पुस्तकं प्रथम आम्हालाच" या ओळीचं झालं पुढचं एक पुस्तक, आणि उत्तर साठ दिवसांत. यातलं काहीही त्यांनी ताणलं नाही.

खरी चर्चा दोन कलमांवर झाली.

पहिलं, हक्क परत कधी मिळणार. मसुद्यात तेच जुने शब्द होते: पुस्तक उपलब्ध असेपर्यंत. लेखिकेनं ते स्वतः शोधून काढले आणि लाल पेनानं अधोरेखित केले. मागणीनुसार एकेक प्रत छापता येते तेव्हा पुस्तक कायमचं उपलब्ध ठेवायला काहीच लागत नाही. म्हणून आम्ही शब्दाऐवजी आकडा मागितला: सलग दोन सहामाहींत मिळून पन्नासपेक्षा कमी प्रती विकल्या गेल्या, तर लेखिकेच्या पत्रानंतर साठ दिवसांत हक्क परत.

दुसरं, प्रकाशन बंद पडलं तर काय. मसुद्यात होतं की दिवाळखोरी झाल्यास करार आपोआप रद्द. लेखिकेला ते पुरेसं वाटलं. मला नाही. दिवाळखोरीत करार हीसुद्धा संस्थेची मालमत्ता धरली जाते. अमेरिकेसारख्या ठिकाणी अशी आपोआप रद्द होणारी कलमं न्यायालयात बहुधा टिकत नाहीत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एका माणसाचं प्रकाशन रीतसर दिवाळखोरीत जातच नाही. ते नुसतं शांत होतं. फोन उचलले जात नाहीत, मेलला उत्तर नाही, हिशेब नाही. कुणी काही जाहीर करत नाही, त्यामुळं कराराच्या दृष्टीनं काही घडलेलंच नसतं. त्या ओळखीच्या कादंबरीकाराचं पुस्तक चार वर्षं अडकलं ते असंच.

म्हणून आम्ही करार संपण्याचं कारण शांततेलाच जोडलं. सहामाही हिशेब मुदतीनंतर नव्वद दिवसांत आला नाही, लेखिकेनं लेखी आठवण दिली, आणि त्यानंतरही तीस दिवस गेले, तर करार संपला. कुणाला दोष सिद्ध करायची गरज नाही. सोबत एक पुरवणी: अशा वेळी उरलेल्या प्रती छपाईखर्चात लेखिकेला घेता येतील आणि मांडणीच्या फाइल विनामूल्य मिळतील.

मी हे कलम पाठवलं तेव्हा मला वाटलं, ते दुखावतील. त्यांचा फोन आला. म्हणाले, "तुम्ही माझ्या आजारपणाचं कलम लिहिलंय." मी हो म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाले, "ठीक आहे. हे मी माझ्या सगळ्याच करारांत घालतो."

पाचव्या आठवड्याच्या शेवटी लेखिकेनं सही केली. माझा सल्लाही तोच होता. मोठ्या संस्थेसाठी अजून वर्षभर थांबली असती तर कदाचित होकार मिळाला असता, पण तो शेवट बदलण्याच्या अटीवर. त्या शेवटासाठी तिनं कादंबरी लिहिली होती.

पुढची तीन वर्षं

पुस्तक ठरल्यापेक्षा पाच महिने उशिरा आलं. निवेदनातली ती चूक दुरुस्त झाली होती, चौदावं प्रकरण सहाव्या पानापासून सुरू होत होतं, आणि कादंबरी २८८ वरून २७२ पानांची, बरोबर एका फॉर्मनं कमी झाली होती. पाचशे प्रती. त्यातल्या चाळीस परीक्षणासाठी आणि लेखिकेसाठी.

पहिल्या वर्षात ३७२ प्रती विकल्या गेल्या. २०८ थेट, १६४ वितरकाकडून. लेखिकेला मिळाले ५,६३६, म्हणजे छप्पन प्रतींची किंमत. छापील किमतीवरच्या दहा टक्क्यांनी सदतीस मिळाली असती. परीक्षणं चारच आली, पण त्यातली दोन लांबलचक होती आणि कादंबरी खरंच वाचून लिहिलेली होती. वाचकांची पत्रं पहिल्या पुस्तकापेक्षा जास्त आली, कारण त्या तीनशे जणांच्या यादीतले लोक लिहिणारे निघाले. दुकानांत पुस्तक जवळपास दिसलंच नाही. तिच्या दोन सहकाऱ्यांनी "कुठं मिळतं?" असं विचारलं, आणि दोघांनीही शेवटी घेतलं नाही.

दुसऱ्या वर्षी तीनशे प्रतींची दुसरी आवृत्ती निघाली. त्या वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीचा हिशेब आला नाही.

प्रकाशक आजारी होते. गंभीर होतं. आम्हाला ते त्यांच्या एका दुसऱ्या लेखकाकडून कळलं. लेखिका पत्र पाठवायला तयार होईना. "त्या माणसानं माझी कादंबरी माझ्यापेक्षा नीट वाचली आणि मी त्यांना नोटीस पाठवू?" नव्वद दिवस झाले, शंभर झाले. ऑर्डरी येत होत्या, त्या मेलपेटीत नुसत्या पडून होत्या. पाच वर्षांपूर्वीच्या त्या लेखकाचं म्हणणं मला आठवलं. जवळीक हा या नात्याचा प्राण असतो, आणि त्याच जवळिकीपायी लेखक स्वतःचे हक्क मागत नाही. मी तिला म्हटलं, दोन पत्रं लिही. एक त्यांच्या तब्येतीचं, हातानं. दुसरं कराराचं, चार ओळींचं. एकाच पाकिटात घाल.

तिनं घातली. एकविसाव्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला. त्यांनी तीस दिवस पुरे होण्याचीही वाट पाहिली नाही. फाइल पाठवल्या, उरलेल्या १४० प्रती पाठवल्या, आणि राहिलेला हिशेबही जोडला होता. तो बरोबर होता. इतर तीन लेखकांचे जुने करार होते, त्यांत हे कलम नव्हतं. त्यांच्यासाठीही त्यांनी नंतर हक्क मोकळे केल्याची पत्रं दिली, पण त्याला आणखी आठ महिने लागले.

१४० प्रती लेखिकेनं वर्षभरात स्वतः विकल्या. तेवढ्यात एका मध्यम आकाराच्या संस्थेनं कादंबरीची नवी आवृत्ती काढायची तयारी दाखवली, कारण हक्क मोकळे होते आणि फाइल तयार होत्या. श्रेयपानावर संपादक म्हणून जुन्या प्रकाशकांचं नाव छापायचं, ही अट तिनं घातली. पन्नास प्रतींचं कलमही घालून घेतलं. त्या संस्थेच्या वकिलाला ते खटकलं, तिनं सोडलं नाही. कथासंग्रह अजून पहिल्याच संस्थेकडे अडकलेला आहे.

प्रकाशक आता बरे आहेत. वर्षाला सहाऐवजी दोन पुस्तकं काढतात आणि पार्सलं बांधायला एक मुलगा ठेवला आहे. लेखिकेची तिसरी संहिता गेल्या महिन्यात पूर्ण झाली. ती तिनं आधी त्यांनाच पाठवली आहे. साठ दिवसांची अट जुन्या करारासोबतच संपली, त्यामुळं पाठवायला ती बांधील नव्हती. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. पोच मात्र त्याच दिवशी आली, आणि तिच्यात पहिल्या प्रकरणाबद्दल एक प्रश्न होता.